एक कोट, सहा उमेदवार

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले आणि हडपसर मागे टाकले, की डाव्या हाताला मांजरीचा फाटा लागतो. नावावरून करता येण्याजोगे सगळे विनोद मी पहिल्या महिन्यातच करून संपवले होते, तेव्हा वाचकांनी ते माझ्याकडून अपेक्षू नयेत. गाव तसे मोठे भारदस्त आहे. राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी 1975 साली काढलेली साखर संस्था येथेच आहे. आज ती वसंतदादांच्या नावाने ओळखली जाते. द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 1997 पासून येथे आहे, आणि त्याने काढलेल्या जातींची नावे मांजरी नवीन, मांजरी मेडिका, मांजरी श्यामा अशी आहेत. आपले गाव द्राक्षाच्या घडावर मिरवावे, हे भाग्य काही थोड्याच गावांच्या वाट्याला येते. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. पण मी सांगतो त्या दिवसांत तेथे ग्रामपंचायत होती, रेल्वेचे फाटक होते, आणि फाटक पडले की एस.टी., उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, लग्नाची वरात आणि प्राध्यापक सगळे एका रांगेत उभे राहत.

त्या रांगेतला प्राध्यापक मी. खरे तर प्राध्यापक हा शब्द माझ्या अंगाला जरा सैल होतो. चौतीस वर्षे मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी शेतीकर्जाच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर 2009 साली एका स्नेह्यांनी विचारले, मांजरीला एम.बी.ए.चे एक लहानसे कॉलेज आहे, तेथे आठवड्यातून दोनदा हिशेब आणि आर्थिक व्यवस्थापन शिकवाल का? घरी बसून मी पेपरातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवीत असे, त्यामुळे माझ्या होकाराआधी आमच्या घरातून होकार गेला. पुढे ते कॉलेज बंद पडेपर्यंत मी तेथे शिकवीत होतो. कॉलेजचे नाव मी सांगणार नाही. मला सांगायचे आहे ते तेथे शिकलेल्या मुलांविषयी, आणि त्यातही 2012 ते 2014 या तुकडीविषयी.

त्याआधी या पदवीबद्दल दोन शब्द. आमच्या पिढीला बी.ए. ठाऊक, एल्एल.बी. ठाऊक, पण धंदा कसा करावा याची पदवी असते, हे ऐकून आमच्या वडिलांनी चष्मा काढून ठेवला असता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने 1908 साली ही पदवी सुरू केली. आपल्याकडे कलकत्त्याला 1953 मध्ये व्यवस्थापनाची संस्था निघाली. कलकत्ता आणि अहमदाबादच्या दोन नामांकित सरकारी संस्था 1961 च्या. मुंबईची जमनालाल बजाज संस्था 1965 ची. पुणे विद्यापीठाने 1971 मध्ये आपला विभाग काढला, डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1974 मध्ये आपली संस्था काढली, सिंबायोसिसने 1978 मध्ये. तोवर हे शिक्षण मोजक्यांचे होते. पुढे कारखाने आले, संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि दर दोन गावांमागे एक एम.बी.ए. कॉलेज दिसू लागले. मांजरीचे कॉलेज त्या लाटेतले. मंजूर जागा साठ. मी गेलो त्या वर्षी मुले अडतीस होती. माझ्या या तुकडीत एकोणीस.

एकोणीस म्हणजे सांगायला अवघड वाटणारा आकडा. संचालकांना तो शोभत नसे, म्हणून माहितीपत्रकात ‘मर्यादित विद्यार्थिसंख्या, वैयक्तिक लक्ष’ असे छापलेले असे. मुले ते वाचून हसत. परंतु गंमत अशी, की ते वाक्य खरे होते. एकोणीस मुलांच्या वर्गात मागचा बाकच नसतो. कोण आज आला नाही, का आला नाही, कोणाच्या घरी म्हैस व्याली, कोणाच्या बहिणीला पाहायला मंडळी आली, हे पहिल्या तासाला सगळ्यांना ठाऊक. मोठ्या कॉलेजातला मुलगा दोन वर्षे तोंड न उघडता पदवी घेऊन जाऊ शकतो. आमच्याकडे आठवड्यातून एकदा प्रत्येकाला फळ्यापाशी उभे राहून बोलावेच लागे, कारण एकोणीस जणांनी बोलल्याशिवाय तास संपतच नसे.

मुले कुठली? थेऊर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, दौंड, इंदापूर, दोघे-तिघे हडपसरचे. आम्ही त्यांना गावाच्या नावाने हाका मारू. बहुतेक सगळे मराठी शाळेतून आलेले. बी.कॉम. नाहीतर बी.एस्सी. झालेले. आणि पुढ्यात आलेली पुस्तके हजार-हजार पानांची, इंग्रजी, त्यात उदाहरणे अमेरिकेतल्या दुकानांची. पहिले सत्र म्हणजे नुसता धसका. दौंडचा एक मुलगा दर रात्री दहा पाने उतरवून काढी. समजून नव्हे, हात बसावा म्हणून. लोणीची एक विवाहित विद्यार्थिनी होती, एकतीस वर्षांची, दोन मुलांची आई. ती पुस्तकातल्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एका ओळीत मराठी लिहून ठेवी. परीक्षेच्या आधी तिच्या पुस्तकाच्या छायाप्रती वर्गभर फिरत. पहिली तीच आली, हे सांगायला नकोच.

मी हिशेब मराठीतच शिकवी. परीक्षा इंग्रजीत, ती पुढची गोष्ट. नावे-जमा, कीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द त्यांनी आजोबांच्या तोंडून नाहीतर सोसायटीच्या सचिवाकडून ऐकलेले होते. खेळते भांडवल म्हणजे काय, हे मात्र कोणाच्या गळी उतरेना. मग मी विचारले, “ऊसतोडीच्या टोळीला मुकादम हंगामाआधी काय देतो?” एकोणीस तोंडांतून एकच शब्द आला, “उचल!” म्हटले, झाले तर. कारखान्याला बँक देते तीही उचलच.

त्या तासाची हकीकत सांगण्यासारखी आहे. 2013-14 चा हंगाम चालू होता. केंद्र सरकारने उसाला ठरवलेला रास्त दर त्या वर्षी साडेनऊ टक्के उताऱ्याला टनामागे 2,100 रुपये होता. मी फळ्यावर गणित मांडले. रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना चौदा दिवसांत सत्तर हजार टन ऊस घेतो. त्याची किंमत चौदा कोटी सत्तर लाख. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे. (आपल्याकडे त्यातून तोडणी-वाहतूक कापून घेतात, ते बाजूला ठेवू.) ऊस येणार चार-पाच महिने, साखर विकली जाणार वर्षभर. मधले पैसे आणायचे कोठून? पोती तारण ठेवून बँकेकडून. साखरेचा भाव पडला की तारणाची किंमत पडते, बँक हात आखडते आणि शेतकऱ्याचे बिल लांबते. त्या हंगामात भाव पडलेलेच होते, आणि साखर अमुक किमतीखाली विकू नये असा सरकारी नियम तेव्हा नव्हता. तो 2018 च्या जूनमध्ये आला, किलोला 29 रुपयांचा. पुढच्या फेब्रुवारीत 31 चा.

मी खडू ठेवतो न ठेवतो तोच इंदापूरचा मुलगा उभा राहिला. एरवी अबोल. म्हणाला, “सर, बिल उशिरा दिलं तर व्याज लागतं का?”

“लागतं. कायद्यानं शेकडा पंधरा.”

तो फळ्यापाशी आला, माझ्या हातून खडू घेतला, आणि माझ्या कोट्यवधींच्या खाली लहान अक्षरात लिहू लागला. दोनशे टन. चार लाख वीस हजार. तीन महिने उशीर. पंधरा हजार सातशे पन्नास. थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

“माझी सात महिन्यांची मेस,” तो म्हणाला. “आणि अण्णांनी ती सावकाराकडून आणली.”

वर्गात कोणी बोलले नाही. कारण त्यातल्या निम्म्या घरांतून हेच बिल थकलेले होते. चौतीस वर्षे मी त्या पोत्यांवर कर्जे मंजूर केली, उताऱ्याचे तक्ते पाहिले, पण या रकमेचे मेसच्या महिन्यांत रूपांतर होते, हे मला कोणी दाखवले नव्हते. त्या मुलाने पुढे काय केले, तर गावातल्या एकेचाळीस शेतकऱ्यांचे आकडे जमवले, प्रत्येकाचे व्याज काढले, तक्ता टाइप केला आणि शिवाजीनगरला साखर संकुलात आयुक्तांच्या कार्यालयात नेऊन दिला. मुद्दल पोळ्यापर्यंत मिळाले. व्याज आजतागायत नाही. पण पोचपावतीची प्रत त्याने माझ्याकडे आणून दिली, जणू गुणपत्रिकाच.

त्याच सुमारास आम्ही मुलांना साखर संस्था दाखवायला नेले. कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. मातीचे नमुने तपासतात ती जागा, रोपांची तयारी, उसाच्या जातींचे वाफे. यंत्रे पाहून मुले थक्क होतील, असा माझा अंदाज होता. मुले मात्र वाफ्यातच रेंगाळली. जो तो आपल्या शेतातल्या उसाशी पेऱ्यांची तुलना करीत होता. परत येताना मी त्यांना धनंजयराव गाडगीळांविषयी सांगितले. पुण्यातल्या गोखले संस्थेत बसून अर्थशास्त्र लिहिणारा हा माणूस विठ्ठलराव विखे पाटलांच्या हाकेला ओ देऊन प्रवरेच्या काठी गेला, आणि 1950-51 च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना धूर सोडू लागला. एम.बी.ए.ची पुस्तके जाड आहेत, पण त्यांत हे नाही. ते नसावे याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

दुसरा धडा तर रस्त्यावरच होता. हडपसरला मगरपट्टा सिटी उभी आहे, ती मुले रोज बसमधून पाहत. सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन बिल्डरला विकण्याऐवजी एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से वाटून घेतले आणि 2000 सालच्या आसपास बांधकामाला हात घातला. यावर वर्गात वाद झाला तो दोन तास. हडपसरच्या मुलाने मांडले, की जमीन राहिली नाही तरी मालकी राहिली. उरुळीच्या मुलाने विचारले, ज्याची जमीन अर्धा एकर त्याच्या वाट्याला किती मालकी? आणि ज्याची जमीनच नव्हती, जो त्या मळ्यावर रोजाने जाई, त्याचा हिस्सा कोणत्या रकान्यात? उत्तर मी दिले नाही. मगरपट्ट्याचे मला कौतुक आहे, आणि उरुळीचा मुलगाही बरोबर होता.

आता कोथिंबिरीची गोष्ट. मांजरीला पुणे बाजार समितीचा उपबाजार आहे. शेतकरी आपला पाला घेऊन येतो, स्वतः बसतो आणि किरकोळ विक्रेत्याला थेट विकतो. जुड्यांचा भाव शेकड्यावर. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तेथले नेहमीचे. पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिन्यांचा प्रकल्प करायचा असतो. बाकीच्यांनी मोबाइल, शीतपेये, मोटारसायकली असे रुबाबदार विषय घेतले. काहींनी ते जुन्या प्रकल्पांवरून कसे उतरवले, हे मला ठाऊक आहे. पण त्याची वाच्यता येथे नको, ती मंडळी आता मुलाबाळांची आहेत. या मुलीने विषय घेतला : कोथिंबिरीची जुडी.

वही घेऊन ती पंचेचाळीस दिवस वडिलांशेजारी बाजारात बसली. ओळखीच्या बायका विचारीत, “काय गं, शिक्षण सोडलंस वाटतं?” बियाणे, पाणी, औषध, उपटण्याची आणि बांधण्याची मजुरी, टेंपो, सगळे मांडून तिने काढले की शंभर जुड्या बाजारापर्यंत आणायला 410 रुपये पडतात. आणि पंचेचाळीसपैकी सतरा दिवस वडिलांनी त्याहून कमी भावाला माल दिला होता. का दिला? कारण न देऊन करणार काय? परत नेलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी शेळीपुढे. तिचा निष्कर्ष साधा होता. एकदम एक एकर पेरायची नाही. सहा तुकडे करायचे आणि आठवड्याच्या अंतराने पेरायचे. म्हणजे पडत्या भावात सगळा माल सापडत नाही. वडील हसले. “हे शिकायला ऐंशी हजार भरले व्हय?” पण पुढच्या खेपेला त्यांनी तुकडे पाडले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी अहवाल चाळला आणि विचारले, “यात व्यवस्थापनशास्त्राचा कोणता सिद्धांत आहे?” मुलगी घाबरली होती, तरी बोलली, “सर, नाशवंत मालाला थांबता येत नाही, आणि घेणाऱ्याला थांबता येतं.” त्यांनी बरे गुण दिले. सिद्धांताचे नाव तिला अजून ठाऊक नाही, मलाही नाही.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस नोकऱ्यांचे वारे सुरू झाले. मोठ्या संस्थांच्या दारात कंपन्या चालत येतात. आमच्या दारात दोन वर्षांत तीन आल्या, त्यातली एक विमा विकायला मुले हवीत म्हणून. बाकी मुलाखतींसाठी मुलांनीच हडपसरची औद्योगिक वसाहत, खराडी, मगरपट्टा पालथे घातले. मुलाखतीला कोट हवा, असे कोणीतरी सांगितलेले. कोट कोणाकडेच नव्हता. मग सहा मुलांनी वर्गणी काढून एक काळा कोट घेतला. सहांच्या मापांची सरासरी काढून तो घेतला, हे त्यांच्या संख्याशास्त्राच्या गुणांना शोभेसेच होते. म्हणजे तो एकालाही नीट बसेना. यवतच्या उंच मुलाच्या मनगटापासून चार बोटे वर, आणि थेऊरच्या बुटक्या मुलाच्या बोटांवरून खाली. कोट कोणाकडे कोणत्या दिवशी, याचे वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असे. एकदा एकाच कंपनीत दोघांची मुलाखत लागली. पहिला बाहेर आला, जिन्यात कोट उतरवला, दुसऱ्याने घातला. आत बसलेल्या बाईंनी कोटाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि पाणी मागवले. दोघांनाही नोकरी मिळाली नाही. पण पाणी मिळाले, ते थंड होते, असे ते सांगत.

हसण्यावारी नेण्यासारखे सगळेच नव्हते. थेऊरच्या मुलाचे वडील एका सोसायटीत पहारेकरी. बँकेच्या नियमाप्रमाणे तेव्हा चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नसे, म्हणून त्याला दोन लाख मिळाले. नियम चांगला आहे, मी स्वतः त्याखाली कर्जे दिली आहेत. पण तारण नसले तरी हप्ता असतोच. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी. बारा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर महिना साडेचार हजारांच्या आसपास. त्याला पहिली नोकरी मिळाली ती रात्रपाळीत फोन घेण्याची, पगार साडेनऊ हजार. आणि ती मिळावी म्हणून त्याने अर्जात एम.बी.ए. लिहिलेच नाही, नुसते बी.कॉम. लिहिले. एका ठिकाणी त्याला सरळ सांगितले होते, तुम्ही एम.बी.ए. झालेले, चार महिन्यांत सोडून जाल. जी पदवी मिळवण्यासाठी कर्ज काढले, ती कर्ज फेडण्यासाठी लपवावी लागली. हे त्याने मला फाटक पडले असताना सांगितले, बसच्या खिडकीतून बाहेर बघत. गाडी निघून गेली, फाटक उघडले, आम्ही दोघेही विषय बदलून बोलू लागलो.

कॉलेजने फसवले का? हा प्रश्न मला माझ्या पत्नीने विचारला होता, आणि तिला मी दिलेले उत्तर येथेही देतो. शिकवणारे प्रामाणिक होते. माहितीपत्रकावर टाय लावून हसणारी मुले मात्र आमची नव्हती, कुठल्यातरी छापखान्यातली होती. त्या चित्रावर विश्वास ठेवून एखादा बाप गुंठाभर जमीन विकतो, हे चित्र छापणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे होते. मी ते मीटिंगमध्ये बोललो. पुढच्या वर्षी चित्र बदलले. नवी मुलेही आमची नव्हती.

2014 च्या उन्हाळ्यात तुकडी उत्तीर्ण झाली, आणि ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. मुलांनी प्रवेश एका नावाच्या विद्यापीठात घेतला, प्रमाणपत्र दुसऱ्या नावाचे. लोणीच्या बाईंना त्याचा फार आनंद झाला. दोन मुलांची आई असताना ज्या पदवीसाठी सासूबाईंची बोलणी खाल्ली, तिच्यावर सावित्रीबाईंचे नाव आले, म्हणजे सासूबाईंना आता काय बोलायचे ते बोलू देत, असे त्या म्हणाल्या. आज त्या एका रुग्णालयात दोनशे माणसांच्या पाळ्या लावतात. त्यांच्या मते ते घरापेक्षा सोपे आहे.

कॉलेज 2017 मध्ये बंद झाले. शेवटच्या तुकडीत चौदा मुले होती. एम.बी.ए.चे आकर्षण राज्यभरच ओसरले होते आणि साठ जागांसाठी नेमलेला पसारा चौदा मुलांच्या शुल्कात चालत नाही, हे गणित मीच शिकवीत असे. इमारतीत आता दुसरे काहीतरी आहे. मुलांना मात्र मधून मधून प्रश्न पडतो, की आमच्या पदवीचे काय? पदवी विद्यापीठाची, ती कोठे जात नाही. दौंडचा मुलगा परदेशी जायला निघाला तेव्हा गुणपत्रके विद्यापीठातूनच मिळाली. कॉलेजचा पत्ता विचारणाऱ्या रकान्यात त्याने जुनाच पत्ता लिहिला.

एकोणीसपैकी तेराजणांची मला खबर आहे. इंदापूरचा मुलगा शेतमालाच्या एका कंपनीत आहे आणि कर्जाच्या व्याजाच्या बाबतीत कोणालाही सोडत नाही. थेऊरच्या मुलाने पाच वर्षे रात्रपाळी केली, 2019 च्या डिसेंबरात शेवटचा हप्ता भरला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या माहितीपत्रात एम.बी.ए. लिहिले. त्यावर त्याला वरची जागा मिळाली. आज तो एका कंपनीत माणसे निवडतो. कोट न घालता आलेल्या मुलाला तो आधी बसायला सांगतो, एवढे मला दुसऱ्याकडून कळले. यवतच्या मुलाने मात्र स्पष्ट सांगितले, “सर, ते पैसे विहिरीत घातले असते तर आज पाणी तरी असतं.” त्याच्याशी मला वाद घालता आला नाही. त्याच्या गावाला पाण्याची खरोखरच ओढ आहे, आणि तो आज मेडिकल दुकानात वडिलांचेच काम करतो.

आणि कोथिंबिरीची मुलगी. तिला पाहायला आलेल्या एका मंडळींनी विचारले होते, एम.बी.ए. करून भाजी विकते का? तिने सांगितले, हो. ती मंडळी चहा पिऊन गेली. 2016 मध्ये वाघोलीच्या एका समजूतदार घरात तिचे लग्न झाले. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, एप्रिलमध्ये मार्केट यार्डच बंद राहू लागले आणि मळ्यांत माल तयार उभा. तिने बापाचा, चुलत्यांचा, शेजाऱ्यांचा भाजीपाला एकत्र केला, पिशव्या भरल्या आणि हडपसरच्या सोसायट्यांच्या दारात टेंपो नेला. पिशवी अडीचशे रुपयांची. पहिल्या दिवशी चाळीस पिशव्या, दुसऱ्या आठवड्यात सहाशे. आता टाळेबंदी नाही, पिशव्या आहेत. अकरा बायका तिच्याकडे निवडायला आणि बांधायला येतात. त्यांना उचल देते, पण वहीत लिहून, आणि बिनव्याजी.

महिन्याच्या महिन्याला ती मला फोनवर हिशेबाचे चित्र पाठवते. रकाने तेच, मी फळ्यावर आखीत असे ते. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. अवकाळी पावसाच्या एका महिन्यात खाली 6,400 रुपये तोटा निघाला. मी बेरीज तपासली, बरोबर होती. तोट्याखाली तिने पेनाने लिहिले होते : पालक कुजला, पुढच्या आठवड्यापासून मेथी, चार तुकड्यांत.